परिचर्या-शिक्षण, मानवतावादी

शिकणाऱ्या व्यक्तीचा अनुभव, तिची स्वयंप्रेरणा व तिचे स्वत्व यांना अध्ययनप्रक्रियेत अग्रस्थान देणारा विचार परिचारिकांच्या शिक्षणास आणि त्यांच्या प्रत्यक्ष कार्यास लागू करण्याची पद्धती. परिचर्या म्हणजे आजारी, जखमी, वृद्ध किंवा प्रसूत व्यक्तीची शास्त्रशुद्ध शुश्रूषा. ती करणाऱ्या व्यक्तीस शरीरशास्त्र, औषधे, आहार इत्यादींचे ज्ञान लागते, हस्तकौशल्य लागते आणि त्याबरोबरच दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याची क्षमताही लागते. पहिल्या दोन गोष्टी व्याख्यान, प्रात्यक्षिक व सराव यांच्या साहाय्याने शिकविता येतात. तिसरी कशी शिकवावी, हा परिचर्या-शिक्षणापुढील जुना प्रश्न आहे. मानवतावादी विचाराचे त्यास असे उत्तर आहे की, ज्या विद्यार्थिनीस शिक्षणकाळात माणूस म्हणून वागविले जाते, तीच पुढे रुग्णास तसे वागवू शकते. महाराष्ट्रात हे उत्तर ग्रंथांतून येण्यापूर्वीच काही संस्थांच्या व्यवहारातून पुढे आले होते. ज्या रुग्णालयीन व्यवस्थेत येथील बहुसंख्य परिचारिका तयार झाल्या, ती मात्र दीर्घकाळ याच्या विरुद्ध दिशेने चालत राहिली.

तात्त्विक पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षणक्षेत्रावर वर्तनवादाचा मोठा प्रभाव होता. योग्य प्रतिसादाला बक्षीस व अयोग्य प्रतिसादाला प्रतिबंध यांच्या योगे हवे ते वर्तन घडविता येते, ही त्याची मूळ भूमिका. तिला विरोध म्हणून अमेरिकेत जो मानसशास्त्रीय विचार पुढे आला, त्याचे प्रमुख प्रवर्तक एब्राहम मॅस्लो (१९०८–७०) व कार्ल रॉजर्स (१९०२–८७) हे होत. मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मानवी गरजांची श्रेणी मांडली. तीनुसार शारीरिक गरजा, सुरक्षितता, आपुलकी व प्रतिष्ठा यांची किमान पूर्ती झाल्यावाचून माणूस आपल्या अंगच्या शक्तींचा पूर्ण विकास साधण्याकडे वळत नाही. रॉजर्स हे मानसोपचारज्ञ होते. उपचारकाचा प्रांजळपणा, रुग्णाचा विनाअट स्वीकार व समानुभूती या तीन गोष्टी असतील, तर रुग्ण स्वतःच स्वतःत बदल घडवून आणतो, असा त्यांचा अनुभव होता. हाच अनुभव त्यांनी शिक्षणास लावला. फ्रीडम टू लर्न (१९६९) या त्यांच्या ग्रंथात शिक्षक हा ज्ञान ओतणारा नसून अध्ययन सुकर करणारा असतो, धाक कमी झाला म्हणजेच खरे शिकणे घडते आणि अर्थपूर्ण अध्ययन हे विद्यार्थ्याने स्वतः हाती घेतलेले असते, ही मते सोदाहरण मांडलेली आहेत. वर्तनवादाचे अग्रणी बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) व रॉजर्स यांच्यात १९५६ मध्ये मानवी वर्तनाच्या नियंत्रणाविषयी झालेला जाहीर वाद या दोन दृष्टींमधील अंतर समजण्यास आजही उपयुक्त आहे. प्रौढांच्या शिक्षणासंबंधी मॅल्कम नोल्झ (१९१३–९७) यांनी अशीच भूमिका घेतली : प्रौढ व्यक्ती रिकाम्या हाताने शिकावयास येत नाही, तिचा अनुभव हेच तिचे पहिले पाठ्यपुस्तक असते.

परिचर्येच्या क्षेत्रात हिल्डगार्ड पेप्लो (१९०९–९९) यांच्या १९५२ मधील ग्रंथाने परिचारिका व रुग्ण यांमधील संबंध हाच उपचाराचा एक भाग असल्याचे प्रतिपादन केले. जोसेफीन पॅटर्सन व लॉरेटा झडेराड यांचा ह्यूमॅनिस्टिक नर्सिंग (१९७६) हा ग्रंथ आणि जीन वॉटसन यांचा परिचर्येच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथ (१९७९) यांनी या दृष्टीस नाव व चौकट दिली. तथापि या सर्वांहून अधिक बोलके लिखाण एका मनोविश्लेषणतज्ञ स्त्रीचे आहे. इझाबेल मेंझीस यांनी लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या परिचर्याविभागाचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. तेथे सुमारे एकतृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडीत असत. मेंझीस यांना असे दिसून आले की, मृत्यू, वेदना व किळस यांच्या सततच्या सान्निध्यामुळे उत्पन्न होणारी चिंता दूर ठेवण्यासाठी रुग्णालयाने आपली रचनाच विशिष्ट प्रकारे केली आहे : एका परिचारिकेने एका रुग्णाची संपूर्ण काळजी घेण्याऐवजी तीस रुग्णांचे तापमान घ्यावे, रुग्णास त्याच्या नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगग्रस्त अवयवाने ओळखावे, विद्यार्थिनीस एका कक्षात फार दिवस ठेवू नये, लहानसहान निर्णयही वरिष्ठांकडे सोपवावेत. या योजनेमुळे चिंता कमी होत नाही, मात्र ज्या भावनेने मुलगी या व्यवसायाकडे वळलेली असते ती भावना कोमेजते. कोणत्याही मोठ्या शासकीय रुग्णालयात ‘चार नंबर’ किंवा ‘फ्रॅक्चरवाला’ असे शब्द ज्याने ऐकले असतील, त्यास हा अभ्यास केवळ लंडनपुरता वाटणार नाही.

रुग्णालयीन प्रशिक्षणाचा उदय : आधुनिक परिचर्या-शिक्षणाचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात घातला. त्यांच्या योजनेत शिस्त व चारित्र्य यांवर भर होता. परंतु विद्यालयाचा खर्च स्वतंत्र निधीतून व्हावा, हाही तिचा तितकाच महत्त्वाचा भाग होता. हा दुसरा भाग अन्यत्र फारसा उचलला गेला नाही. विद्यार्थिनीस राहण्याची जागा, जेवण व अल्प विद्यावेतन देऊन तिच्याकडून कक्षातील काम करून घ्यावे, अशी पद्धत सर्वत्र रूढ झाली. परिणामतः ती कागदोपत्री विद्यार्थिनी, पण प्रत्यक्षात रुग्णालयाची सर्वांत स्वस्त सेविका बनली. ज्या दिवशी कक्षात माणसे कमी, त्या दिवशी वर्ग रद्द, ही रीत या पद्धतीतूनच पडली.

मुंबईत जे. जे. रुग्णालय व कामा रुग्णालय (१८८६) ही परिचारिका-प्रशिक्षणाची आरंभीची केंद्रे होती. कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पेची (१८४५–१९०८) यांनी तेथे परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले. आरंभीच्या बहुतेक विद्यार्थिनी यूरोपीय, अँग्लो-इंडियन वा ख्रिस्ती होत्या. सवर्ण हिंदू कुटुंबांत परपुरुषाच्या देहास स्पर्श, मलमूत्राशी संबंध व रात्रीची नोकरी या तिन्ही गोष्टी निषिद्ध असल्याने या व्यवसायाकडे तुच्छतेने पाहिले जाई. शुश्रूषेची परंपरा समाजात नव्हती असे नव्हे. पुण्याच्या प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करीत असतानाच सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले, हे सर्वश्रुत आहे. घराघरांतून सुईणी व वृद्ध स्त्रिया हे काम करीतच होत्या. परंतु वेतन घेऊन, घराबाहेर राहून व अनोळखी माणसांची केलेली शुश्रूषा ही वेगळी गोष्ट मानली जाई.

या कोंडीवर पुण्यातील सेवासदनाने जो मार्ग काढला, तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार उद्‌बोधक आहे. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) व गोपाळ कृष्ण देवधर (१८७१–१९३५) यांच्या प्रयत्नांतून १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने काही वर्षांतच ससून रुग्णालयात परिचर्या व प्रसूतिविद्या शिकण्यासाठी स्त्रिया पाठविण्यास प्रारंभ केला. त्यांत विधवांचा भरणा होता. महर्षी कर्वे यांच्या विधवाश्रमाने (१८९६) विधवांच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला होताच. सेवासदनाने त्यांना एका हेटाळणीस पात्र ठरलेल्या व्यवसायाकडे नेले. त्यासाठी संस्थेने विद्यार्थिनींच्या निवासाची स्वतंत्र व्यवस्था केली, सामान्य शिक्षणाची जोड दिली आणि त्यांच्या पाठीशी एक प्रतिष्ठित घर उभे केले. ज्या स्त्रीचे केशवपन होऊन जिला घरात शुभकार्यापासून दूर ठेवले जाई, तिला प्रथम स्वतःविषयी आदर वाटला पाहिजे, मग ती दुसऱ्याची सेवा दास्यभावाने न करता आत्मविश्वासाने करील, हे रमाबाईंनी ओळखले होते. मॅस्लो यांच्या श्रेणीतील सुरक्षितता, आपुलकी व प्रतिष्ठा या पायऱ्या येथे त्याच क्रमाने रचलेल्या दिसतात. ती श्रेणी लिहिली जाण्यास अद्याप तीस वर्षे अवकाश होता.

कायदेशीर चौकट यानंतर हळूहळू उभी राहिली. मुंबई इलाख्यात परिचारिका, प्रसाविका व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. त्याची जागा पुढे महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ याने घेतली. भोर समितीच्या अहवालानुसार (१९४६) अविभक्त हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारणतः ४३,००० लोकांमागे एक. समितीने ५०० लोकांमागे एक परिचारिका हे दूरचे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच वेळी परिचारिकांच्या राहण्याच्या व कामाच्या शोचनीय स्थितीकडे लक्ष वेधले. विद्यापीठीय पदवीचे शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालयाने १९६४ मध्ये पदवी-शिक्षणाचे दालन उघडले. विद्यार्थिनीची गणना रुग्णालयाच्या सेवकवर्गात न करणे, हा पदवी-शिक्षणाचा खरा लाभ होता. अभ्यासक्रमातील विषयांची वाढ ही त्यामानाने दुय्यम गोष्ट होय. मात्र परिचारिकांची मोठी संख्या पदविका अभ्यासक्रमातूनच येत राहिली व तेथे जुनी रीत टिकून राहिली. शेट्टी समिती (१९५४) व सरोजिनी वरदप्पन् यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समिती (१९८७–८९) यांनी कामाचे तास, निवास व विद्यार्थिनींचा दर्जा यांविषयी केलेल्या शिफारशी वाचल्या असता, भोर समितीच्या तक्रारी चाळीस वर्षांनंतरही संपल्या नव्हत्या असे दिसते.

वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षणपरिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली नयी तालीम ही कामातून व अनुभवातून शिक्षण देणारी देशी विचारधारा होती. सेवाग्राम आश्रमात त्यांनी कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्री यांची स्वहस्ते केलेली शुश्रूषा प्रसिद्ध आहे. या दोहोंचा मिलाफ होऊन परिचर्या-शिक्षणाची एखादी स्वतंत्र पद्धती सिद्ध होऊ शकली असती. तसे फारसे घडले नाही.

जामखेडचा प्रयोग : मानवतावादी अध्ययनविचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत पूर्ण उदाहरण रुग्णालयाच्या कक्षात न सापडता एका दुष्काळी तालुक्यात सापडते. डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–९९) या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या दांपत्याने १९७० मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांची मूळ योजना प्रचलित पद्धतीचीच होती : प्रशिक्षित सहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका गावोगाव नेमावयाच्या व त्यांच्याकरवी आरोग्यसेवा पोहोचवावयाची. ती योजना यशस्वी झाली नाही. शहरात शिकलेली, तरुण व एकटी मुलगी अनोळखी गावात राहण्यास घाबरे. गावातील बाया तिच्यापाशी मनातले बोलत नसत. बाळंतपणासाठी तर तिला बोलावणेच येत नसे. तिचे ज्ञान अपुरे नव्हते. ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्या जगण्याशी त्याचा सांधा जुळलेला नव्हता, इतकेच.

तेव्हा गावकऱ्यांच्या सूचनेवरून प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक स्त्री निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर किंवा अल्पशिक्षित होत्या. कित्येक दलित होत्या. काही परित्यक्ता वा विधवा होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, तेथे मुक्काम करीत, एकत्र जेवत व शिकत. निरनिराळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीस बसणे हा येथे पहिला पाठ होता व तो कोणत्याही रोगाच्या माहितीपेक्षा अवघड होता. शिक्षणाची सुरुवात व्याख्यानाने होत नसे. गेल्या आठवड्यात गावात काय घडले, कोणाचे मूल आजारी पडले, त्याला काय दिले, काय चुकले, हे प्रत्येकीने सांगावयाचे व इतरांनी त्यावर बोलावयाचे. त्यातून जो प्रश्न पुढे येई, तोच त्या दिवसाचा विषय. हगवण, गरोदरपण, लहान मुलांचे पोषण, क्षयरोग, कुष्ठरोग असे विषय अशा रीतीने एकेक करून, पुनःपुन्हा व गाणी-गोष्टींच्या आधारे शिकले जात. जुन्या सुईणीच्या रीतींपैकी घातक तेवढ्या टाकून उरलेल्या मान्य केल्या जात. डॉ. मेबल आरोळे यांचा कटाक्ष असा की, या स्त्रीला प्रथम आपण कोणी तरी आहोत असे वाटले पाहिजे. आरोग्यविषयक माहिती त्यानंतर आपोआप मुरते.

या शिक्षणाचे सामर्थ्य लोकांना सर्वांत स्पष्टपणे दिसले ते प्रसूतीच्या वेळी व हगवणीच्या साथीत. कारण मिठासाखरेचे पाणी देणारी बाई रात्री-अपरात्री हाकेच्या अंतरावर असे. पण परिचर्या-शिक्षणाच्या दृष्टीने लक्षणीय बदल दुसराच आहे. जी प्रशिक्षित परिचारिका आरंभी गावात एकटी पडली होती, तिची भूमिका पालटली. ती फिरत्या पथकासोबत गावात जाऊ लागली आणि ग्राम-आरोग्यसेविकेची शिक्षिका, सल्लागार व पाठीराखी बनली. ज्या स्त्रीस लिहिता येत नाही तिच्याकडून गावाची हकिकत ऐकून घेणे व मग आपले ज्ञान तिच्या भाषेत मांडणे, हे परिचारिकेस शिकावे लागले. म्हणजे शिकविता शिकविता तीही शिकू लागली. ब्राझीलचे शिक्षणतज्ञ पाउलो फ्रेरे (१९२१–९७) यांनी शिक्षक व विद्यार्थी या भूमिकांच्या अदलाबदलीविषयी जे लिहिले आहे, त्याचे हे प्रत्यक्ष रूप म्हणता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हेल्थ बाय द पीपल या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला आणि १९७८ च्या आल्मा-आता परिषदेपूर्वीच या प्रयोगाची आंतरराष्ट्रीय दखल घेतली गेली. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. जामखेड या त्यांच्या ग्रंथात (१९९४) ग्राम-आरोग्यसेविकांच्या शिक्षणाची हकिकत सविस्तर आलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने (१९८६) आरोग्यदूत स्त्रियांना नवजात अर्भकांची घरगुती काळजी घेण्यास शिकवून जे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, तेही याच वाटेवरचे होत. पुढे २००५ पासून देशभर नेमल्या गेलेल्या आशा कार्यकर्त्यांच्या कल्पनेमागे हे अनुभव आहेत. मात्र शासकीय योजनेत प्रशिक्षणाचे दिवस व नोंदवह्या यांचा हिशोब जितका काटेकोर झाला, तितका दर आठवड्याच्या त्या मोकळ्या बैठकीचा झाला नाही.

रुग्णालयातील परिचर्या : मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची घटना या संदर्भात टाळता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच एका कामगाराने त्यांच्यावर केलेल्या अत्याचारात मेंदूस गंभीर इजा होऊन त्या कायमच्या जाणीवशून्यप्राय अवस्थेत गेल्या. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना भरविणे, स्नान घालणे, कूस पालटणे ही कामे ज्या मुलींनी केली, त्यांपैकी कित्येकींचा जन्मही १९७३ मध्ये झालेला नव्हता. इतक्या दीर्घ काळात त्यांना शय्याव्रण झाले नाही, याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयासमोरही आला. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निर्णय देताना न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा मानला. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या चेहऱ्यावरून व आवाजावरून त्याची आवडनिवड ओळखणे, ही समानुभूतीची सर्वांत कठीण पायरी होय. ती येथे कक्षातील वडीलधाऱ्या परिचारिकांकडून नवोदितांकडे चालत आली. परीक्षेच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत ती नव्हती.

या घटनेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अत्याचारानंतर मुंबईतील परिचारिकांनी सुरक्षिततेच्या मागणीसाठी संप केला. ज्यांच्याकडून अपार करुणेची अपेक्षा केली जाते, त्यांना कपडे बदलण्यास सुरक्षित जागाही नव्हती. रुग्णांच्या गरजांची मांडणी करण्यासाठी मॅस्लो यांची श्रेणी परिचर्येच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात दिलेली असते : प्रथम श्वसन व आहार, मग सुरक्षितता, मग आपुलकी. तीच श्रेणी परिचारिकेस लावून पाहण्याचा प्रघात मात्र नाही. रात्रपाळीत साठ खाटांमागे एक अधिपरिचारिका व दोन विद्यार्थिनी असतील, तर रुग्णाशी दोन शब्द बोलण्याचा आग्रह हा केवळ उपदेश ठरतो. परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे व अध्यापन-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावयास हवी.

भाषा व रुग्णशिक्षण : रुग्णास व त्याच्या कुटुंबास शिकविणे हा परिचारिकेच्या कामाचा मोठा भाग आहे आणि मानवतावादी विचार तेथे भाषेच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. पदविका व पदवी अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकविले जातात. सहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकांचे शिक्षण महाराष्ट्रात प्रामुख्याने मराठीतून होत आले आहे. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर हा पट्टा या प्रश्नाचे चांगले उदाहरण ठरेल. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कँप या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले व ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारच्या अंबरनाथमध्ये काड्यापेटीचा, युद्धसामग्रीचा व पुढे रसायनांचे असे कारखाने आले आणि त्यांबरोबर देशाच्या नाना प्रांतांतील कामगार आले. बदलापूरच्या पलीकडील पाड्यांत ठाकर व कातकरी राहतात. उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात या सर्व परिसरातून रुग्ण येतात. अशा रुग्णालयात हगवणीने कोमेजलेले मूल घेऊन आलेल्या आईस परिचारिका पुस्तकातील वाक्ये मराठीत किंवा हिंदीत सांगू शकते, परंतु ती पोहोचतीलच असे नाही. घरी आजाऱ्याला काय देता, असे तिने आधी विचारले, तर कातकरी आई तांदळाची पेज म्हणेल. सिंधी आजी आणखी काही सांगेल. पातळ पेजेत चिमूटभर मीठ घालून ती वारंवार पाजावी, हे मग त्याच सूत्रात गुंफता येते व घरी गेल्यावर आठवते. समोरची व्यक्ती आपल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी जाणते असे धरून चालणे, हे रॉजर्स यांचे तत्त्व येथे अगदी साध्या रूपात उतरते. अंबरनाथ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले असल्याने या पट्ट्यात रुग्णालयीन शिक्षणाचा विस्तार होऊ घातला आहे. त्यात परिचर्येच्या विद्यार्थ्यांना कोणत्या भाषांची तोंडओळख असावी, हा प्रश्न अभ्यासक्रमाइतकाच विचारणीय आहे.

मर्यादा : मानवतावादी पद्धतीचे काही समर्थक तिला सर्वत्र लागू करू पाहतात, ते योग्य नव्हे. औषधाची मात्रा, निर्जंतुकीकरण, रक्त देण्यापूर्वीची पडताळणी या बाबतींत विद्यार्थिनीच्या स्वयंप्रेरणेस वाव नसतो. तेथे ठरलेली कृती ठरलेल्या क्रमाने, हाताला वळण लागेपर्यंत करवून घ्यावी लागते व हे वर्तनवादी सरावाचेच क्षेत्र आहे. दुसरी मर्यादा विद्यार्थिनीच्या वयाची. नोल्झ यांचा प्रौढ विद्यार्थी जीवनानुभव घेऊन येतो. येथील मुलगी बारावीनंतर सतराव्या-अठराव्या वर्षी येते, बहुधा प्रथमच घर सोडते, आणि तिची मागील बारा वर्षे पाठांतरात गेलेली असतात. तिला एकाएकी स्वातंत्र्य दिले, तर ती गोंधळते. जामखेडच्या निरक्षर स्त्रिया या अर्थाने तिच्याहून अधिक सज्ज होत्या. म्हणून धाक क्रमाक्रमाने कमी करीत जाणे व जबाबदारी क्रमाक्रमाने वाढविणे हाच व्यवहार्य मार्ग होय. एकाच विद्यार्थिनीकडे मोजके रुग्ण संपूर्णपणे सोपविणे, कक्षातील काम संपल्यावर पाठ्यनिर्देशिकेसमवेत त्या दिवसाच्या अनुभवावर चर्चा करणे, पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीस त्याविषयी बोलू देणे, या गोष्टींना वेगळा खर्च लागत नाही. पण दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे मानक प्रत्यक्षात पाळले जावे लागते. अनेक नव्या संस्थांत नेमकी याचीच वानवा असते.

महाराष्ट्रातील परिचर्या-पदवीचे शिक्षण १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (नाशिक) कक्षेत आले. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या पदवी अभ्यासक्रमात सत्रपद्धती व क्षमताधारित मूल्यमापन आणले. १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. संभाषणकौशल्य व शिक्षणतंत्र हे विषय पदवी अभ्यासक्रमात आहेत आणि अध्ययनाचे सिद्धांत त्यांत शिकविले जातात. रॉजर्स यांनी सांगितलेल्या तीन अटी कोणत्या, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थिनी तोंडपाठ देतात व त्यास पूर्ण गुण मिळतात. कक्षातील मूल्यमापनपत्रिकेत इंजेक्शन देण्याच्या पायऱ्या स्वतंत्रपणे गुणांकित केल्या जातात. रुग्णाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले की नाही, याचा बहुधा एखाद्या ओळीत उल्लेख असतो व ती ओळ पाठ्यनिर्देशिका आपल्या अंदाजाने भरते.